आमदारांना मिळणाऱ्या भेटी आणि फुकटचे दौरे : याची वही कुठे असते?

कातळसडा (राजापूर) – धागाकर्ता

मार्च उजाडला की कोकणातून मुंबईकडे दोन प्रकारच्या पेट्या निघतात. एक वाशीच्या मार्केटला जाते, तिची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते. दुसरी आमदार निवासात, मंत्रालयाच्या आसपास, कुणाच्या तरी बंगल्यावर पोचते. तिची पट्टी येत नाही, पण कधीकधी काम येतं.

आंब्याच्या पेटीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाहुण्याला फणस-आंबा दिल्याशिवाय आपण सोडत नाही, आणि आमदार हाही कुणाचा तरी भाचा-पुतण्या असतोच. मला पडलेला प्रश्न पेटीच्या पुढचा आहे. कुठल्या तरी संघटनेने, कंपनीने, 'फाउंडेशन'ने आमदाराला विमानाचं तिकीट दिलं, गोव्याला किंवा दुबईला ठेवलं, बायकामुलांसकट 'परिषदेला' नेलं, तर ते कुठे लिहिलं जातं? मला जेवढं उमगलं त्यावरून उत्तर आहे : कुठेच नाही.

तलाठ्याचं बघा. (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्याकडे अजून तलाठीच.) त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. त्यात भेटवस्तूंचा नियम स्वतंत्र आहे. सहज घातलेलं जेवण, गाडीतून सोडणं, साधा पाहुणचार ही भेट धरली जात नाही. पण ज्याचं काम टेबलावर आहे त्याच्याकडून काही घ्यायचं तर वरिष्ठांना कळवणं, परवानगी काढणं हे सगळं आलं. मंत्र्यांसाठीही केंद्राने घालून दिलेली आचारसंहिता आहे. जवळचे नातेवाईक सोडून कुणाकडून मौल्यवान भेट घेऊ नये, ज्याच्याशी सरकारी संबंध येतो त्याच्याकडून तर काहीच नाही, दौऱ्यावर शक्यतो सरकारी जागेत उतरावं, आपल्या मानार्थ दिलेल्या झगमगाटी मेजवान्या टाळाव्यात. शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं, पण निदान कागदावर आहे.

साधा आमदार मात्र ना नोकर, ना मंत्री. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८, एवढ्या लोकांनी वर्षभरात कुणाचं काय घेतलं हे सांगणारं एक पानसुद्धा मतदाराला बघायला मिळत नाही. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता कळते, तीही पाच वर्षांतून एकदा. त्यात बंगला दिसतो, सहल दिसत नाही. खासदारांना निदान शपथेनंतर ९० दिवसांत मालमत्ता सभागृहाच्या प्रमुखाला कळवावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं ते कलम संसदेपुरतं आहे, आमदारांना नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवतात. संचालकपद, सल्लागारी, मोठी शेअरमालकी अशी त्यात खाती आहेत. गंमत म्हणजे भेटी आणि प्रवास हे खातं त्यातही नाही.

कोकणातल्यांनी हा विषय का काढावा? कारण आपल्या किनाऱ्यावर आमदाराच्या एका प्रश्नावर कोट्यवधींचं हलतं. पर्ससीनवाले (मोठी यांत्रिक जाळी टाकणारे) एकीकडे आणि पारंपरिक मच्छीमार दुसरीकडे. खडीचे क्रशर, चिरेखाणी, रेडी-कळणेची खनिजं. सीआरझेडच्या (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) रेषेवर उभं राहणारं हॉटेल. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसू आलं. जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प. यातल्या प्रत्येकाला विधानसभेत कुणीतरी बोलायला हवं असतं, किंवा कुणीतरी गप्प बसायला. लक्षवेधी (सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) लावणं हे जसं काम आहे तसंच लावलेली लक्षवेधी चर्चेला यायच्या वेळी सभागृहात नसणं हेही कामच. २००५ साली प्रश्न विचारायला पैसे घेताना ११ खासदार कॅमेऱ्यात सापडले आणि सगळ्यांची हकालपट्टी झाली. त्यांत एक आपल्या राज्यातले, एरंडोलचे होते. तिथे नोटा होत्या म्हणून दिसलं. नोटेऐवजी रिसॉर्टची खोली असती तर?

माझी मागणी एवढीच : बंदी नको, वही हवी. कोणी दिलं, काय दिलं, कुठे नेलं, अंदाजे किंमत. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर, दर तीन महिन्यांनी. तुमचं मत सांगा. पक्षांवर घसरू नका, धागा बंद पडतो.

---

रापणकर_बाबी (मालवण)

तुमचां बरां आसा ओ. हयसर रापणीक बांगडो गावत नाय, एलईडीवाले रात्री दर्यात दिवाळी करतत, आणि तुमी वही मागतास. एलईडीवर केंद्रान २०१७ पासून बंदी घातली. पर्ससीनचो आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चो, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत. मासेमारीचो कायदो १९८१ चो होतो, २०२१ त दंड वाढवलो. कागद सगळो आसा. होड्ये धरतल्या माणसांचो फोन कोण उचलता आणि कोण उचलना नाय, तां त्या वहीत येतलां काय?

---

कातळसडा

बाबीनू, फोन नाही येणार वहीत. पण फोन उचलणाऱ्याला डिसेंबरात कुणी कुठे नेलं होतं ते आलं तरी मला पुरे आहे.

---

उगाच_एक

आमदारांचा प्रवास म्हटला की मला जून २०२२ आठवतं. सुरत, मग गुवाहाटी, मग गोवा. खास विमानं, पंचतारांकित हॉटेल. झाडी, डोंगर, हाटील सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं, बिल कुणाला पाठ नाही. आणि हे एकाच बाजूचं नाही. २००२ मध्ये विलासरावांचं सरकार वाचवायला काँग्रेसचे आमदार बंगळुरूजवळच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले होते. तेव्हा सोशल मीडिया नव्हता म्हणून डोंगर प्रसिद्ध झाले नाहीत.

---

दिवाणी_फौजदारी (अलिबाग)

धागाकर्त्याने 'कुठेच नाही' म्हटलंय, त्यात थोडी भर घालतो. 'लिहिलं जात नाही' हे खरं, 'कायदा नाही' हे खरं नाही. आणि गोष्टीचं मूळ आपल्याच रायगडात आहे.

बॅ. अंतुले, आंबेतचे, श्रीवर्धनचे आमदार, १९८० मध्ये मुख्यमंत्री. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं. बिल्डरांनी अंतुल्यांच्या ट्रस्टला देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळाला, असा मामला उच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी देणगी आणि कोट्याचा संबंध जोडला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे रामदास नायकांच्या तक्रारीवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९८४ मध्ये घटनापीठाने म्हटलं : आमदार हा भारतीय दंड संहितेतला 'लोकसेवक' नाही. आमदाराला लोकसेवक म्हणून खेचायचं दार तिथे लागलं. (त्या खटल्यात अंतुल्यांना शिक्षा झाली नाही, हेही नोंदवतो, नाहीतर कुणीतरी इथे भांडेल.)

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या रुंद केली. १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात न्यायालयाने खासदार-आमदार या व्याख्येत येतात असं धरलं, पण त्याच निकालात एक अजब गोष्ट झाली : पैसे घेऊन सभागृहात मत दिलं तर विशेषाधिकाराचं कवच. म्हणजे लाच घेऊन इमान राखलं तर सुटला. हे कवच ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन खटल्यात काढून घेतलं. त्या झारखंडच्या आमदार होत्या, म्हणजे प्रकरण थेट राज्याच्या विधानसभेचं. लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पुरा. पुढे मत दिलं की नाही, भाषण केलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

२०१८ च्या दुरुस्तीने 'अनुचित लाभ' हा शब्दप्रयोग आणला आणि तो पैशापुरता नाही. तिकीट, खोली, मुलाच्या कॉलेजची सोय, सगळं त्यात बसतं. कलम ११ तर अजून सोपं : ज्याचं काम आपल्यापुढे आहे किंवा येणार आहे असं ठाऊक असलेल्या माणसाकडून फुकट लाभ घेतला तर सहा महिने ते पाच वर्षं.

मग अडतं कुठे? एक, खटल्याला मंजुरी लागते. दोन, आणि हेच मोठं, कुणाला कळतच नाही. सहलीची पावती कंपनीच्या खात्यात 'व्यवसायवृद्धी' या नावाखाली जाते. म्हणून वही हवी या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. नवा गुन्हा नको, जुन्या गुन्ह्याला कागद हवा.

---

म्हसळ्याची_सून

वकीलसाहेब, सगळं मान्य. पण अंतुल्यांचं नाव आलं की लोक सिमेंटवरच थांबतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली त्यांनीच केला, कुलाब्याचं रायगड त्यांनीच केलं. आमच्याकडची जुनी माणसं अजून नाव काढतात.

---

दिवाणी_फौजदारी

ताई, आमच्या वडिलांनी त्यांनाच मत दिलं होतं. वही असती तर त्यांनाही बरं पडलं असतं. देणगी कुणाची आणि कोटा कुणाला हे न्यायालयात भांडून ठरवायची वेळ आली नसती.

---

वाशिष्ठीकाठचा_डॉक्टर (चिपळूण)

इथे आमची जमात उदाहरण म्हणून घ्या. औषध कंपनीच्या खर्चाने बँकॉकची कॉन्फरन्स, बायकोसाठी शॉपिंगचं कूपन, हे एकेकाळी सर्रास होतं. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम बदलला : भेटी नाहीत, प्रवास नाही, पाहुणचार नाही. कंपन्या म्हणाल्या नियम डॉक्टरांना आहे, आम्हाला नाही, आम्ही तो खर्च करातून वजा करणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही बंद केलं. घेणाऱ्याला मनाई असेल तर देणाऱ्याला सवलत कशी? मग जुलै २०२२ पासून तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९४आर, वर्षाला २० हजारांच्या वर व्यावसायिक लाभ दिला तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा. मार्च २०२४ ला केंद्राने कंपन्यांसाठी नवी संहिता काढली.

बंद झालं का? पूर्ण नाही, खोटं कशाला बोलू. पण पूर्वी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) दवाखान्यात सगळ्यांदेखत तिकिटं द्यायचा, आता आडून विचारतो, आणि नाही म्हटलं तर मुकाट जातो. 'नियमात बसत नाही' हे वाक्य हाताशी असलं की नको म्हणणाऱ्याला बळ येतं. आमदारांमध्येही नको म्हणावंसं वाटणारे असतील, त्यांच्या हाताशी हे वाक्यच नाही. पेशंटला चिठ्ठी लिहायला कंपनीने दिलेल्या एका पेनच्या किमतीवरून माझी चौकशी होऊ शकते आणि औषधांच्या धोरणावर बोलणारा आमदार त्याच कंपनीच्या पैशाने कुठेही जाऊ शकतो, हे जरा जास्तच झालं.

---

प्रकाशराव_दापोली

पूर्वी असं नव्हतं. बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते. दंडवते १९७१ ते १९९१ राजापूरचे खासदार, मधे रेल्वेमंत्री. त्यांना कुणी तिकीट पाठवायची हिंमत केली असती का?

---

नमू_वेंगुर्ला

काका, तुमच्या दंडवत्यांबद्दल आदर आहेच. पण माणूस चांगला निघाला म्हणून नियम नको असं होत नाही ना. दर निवडणुकीत दंडवते कुठून आणायचे?

आणि 'पूर्वी नव्हतं' म्हणाल तर १९५१ साली, पहिली निवडणूक व्हायच्या आधीच, हंगामी संसदेतले मुदगल मुंबईच्या सराफांच्या असोसिएशनकडून पैसे घेऊन त्यांची बाजू मांडत होते. नेहरूंनी स्वतः प्रस्ताव आणला, आणि हकालपट्टी होण्याआधी मुदगलांनी राजीनामा दिला.

---

माजी_सरपंच_गुहागर

मी आमदारकीच्या खालच्या पायरीवरचं सांगते, कारण पद्धत तीच असते.

मी पदावर असताना एका मोठ्या प्रकल्पाच्या लोकांनी आजूबाजूच्या गावच्या पंचायतींना 'पाहणी दौऱ्या'ला नेलं. परराज्यात. कंपनीचं नाव लिहीत नाही. एसी बस, चांगलं हॉटेल, सकाळी नाष्ट्याला इतके पदार्थ की आमचा एक सदस्य नुसता बघतच उभा राहिला. प्रकल्प म्हणून जो दाखवला तो बसमधूनच. काचा बंद, पुढे माईकवर एक मुलगी हिंदीत बोलतेय, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. खाली उतरवलं ते बागेत. तिथे मोर होते. मोरांचे फोटो सगळ्यांनी काढले. मी विचारलं की बाजूच्या गावात जाऊन तिथल्या सरपंचांना भेटता येईल का, तर म्हणाले वेळापत्रकात नाही.

परत निघताना प्रत्येकाला पिशवी. शाल, चांदीचं नाणं, पॉवर बँक, माहितीपत्रक. आणि एक हजेरीचा कागद, सही करा म्हणून. वर मथळा रिकामा होता. मी पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने वर लिहिलं, 'केवळ उपस्थितीबाबत', मग सही केली. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. बाकीच्यांनी तशीच केली होती. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो, 'सरपंचांचा प्रकल्पाला पाठिंबा'. आमच्या गावचं नाव त्यात नव्हतं.

पिशवीचं काय केलं? ग्रामसेवकाला सांगितलं, डेडस्टॉक रजिस्टरला चढवा. तो म्हणाला, मॅडम, शाल पण? म्हटलं शाल पण. दिलेल्याचं नाव, तारीख, अंदाजे किंमत. मासिक सभेत वाचून दाखवलं. पॉवर बँक ऑफिसात वापरतात, वीज गेली की उपयोगी पडते. शाल पुढच्या पंधरा ऑगस्टला निवृत्त शिक्षकांच्या अंगावर घातली. एवढं साधं आहे हे. ग्रामपंचायतीला जमतं तर विधानभवनाला का जमू नये, तिथे तर कारकून किती.

---

रापणकर_बाबी

सरपंचबाय, 'केवळ उपस्थितीबाबत' ह्यां भारी. ह्यां माका पाठ करूक व्हयां.

---

कातळसडा

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. मोर तर अगदीच.

---

पूर्वाश्रमीचा_पीए

मी काही वर्षं एका आमदारांकडे होतो. कोकणातलेच. नाव नाही, पक्ष नाही.

दौरे येतात कसे ते सांगतो. पत्र कधीच कंपनीचं नसतं. एखादं 'संशोधन केंद्र', 'चेंबर', 'विचारमंच'. विषय भारदस्त : सागरी अर्थव्यवस्था, शाश्वत पर्यटन. सत्र दुपारी एकपर्यंत, नंतर 'स्थळदर्शन'. तिकीट ट्रॅव्हल एजन्सीकडून येतं, बिल कुणाच्या नावे फाटलं ते आम्हालाही कळत नसे. सोबत एक माणूस असतो, तो काहीच मागत नाही. नुसता सोबत असतो. सहा महिन्यांनी अधिवेशनात त्याचा फोन येतो : साहेबांना एवढंच सांगा, त्या विधेयकावर जरा अभ्यास करून बोला म्हणावं. साहेबांना तो आता 'आपला माणूस' वाटतो. लाच म्हणावी असं कुठे काही झालेलंच नसतं.

पण दुसरी बाजूही ऐका. रोज सकाळी दारात रांग. कुणाचं केईएममध्ये ऑपरेशन, कुणाचं लग्न, गणपतीची वर्गणी, कबड्डीची ढाल, क्रिकेट स्पर्धेचं पहिलं बक्षीस. लग्नाला गेलो नाही तर भावकी रुसते, गेलो आणि आहेर हलका झाला तर जास्त रुसते. हे पगारातून होत नाही. मग ज्याच्याकडे पैसा आहे तो हळूच म्हणतो, साहेब, स्पर्धेचं मी बघतो. ढालीवर नाव साहेबांचं, पैसे खाणीचे. ही भेट कुणाला झाली? वहीत कुठल्या रकान्यात लिहाल?

आणि आता गंमत. गणपतीला चाकरमान्यांना फुकट बसगाड्या कोण सोडतं? त्या गाडीत बसताना डिझेल कुणाचं असं विचारणारा एक तरी पॅसेंजर मला दाखवा.

---

नमू_वेंगुर्ला

हा मुद्दा झोंबला, पण खरा आहे. मीही त्या गाडीने आले आहे, आणि पुढच्या वर्षीही येईन, कारण कोकणकन्येचं तिकीट दोन मिनिटांत संपतं. म्हणून रकाना हवा : 'आमदाराच्या नावाने तिसऱ्याने केलेला खर्च'. गाडी सोडा, स्पर्धा भरवा, फक्त डिझेलवाल्याचं नाव खाली लिहा.

---

सॅनहोजेची_कोकणी

मूळची देवरुखची, आता कॅलिफोर्नियात. इथल्या राज्य विधिमंडळाचं थोडं सांगते, कारण इथेही सगळं धुतल्या तांदळाचं नाही.

इथे प्रत्येक आमदार दरवर्षी 'फॉर्म ७००' भरतो. ५० डॉलर आणि वरच्या भेटी त्यात लिहायच्या, देणाऱ्याच्या नावासकट. एका देणाऱ्याकडून वर्षाला जास्तीत जास्त ६३० डॉलर (२०२५-२६ चा आकडा), आणि नोंदणीकृत लॉबीस्टकडून (पैसे घेऊन कुणासाठी तरी आमदारांकडे रदबदली करणाऱ्याकडून) महिन्याला फक्त १०. विस्कॉन्सिन राज्य तर लॉबीस्टकडून चहा-कॉफीचा कपही घेऊ देत नाही. जॉर्जियात उलट, २०१४ पर्यंत काही मर्यादाच नव्हती, मग ७५ डॉलर ठरली.

पण वाट काढणारे काढतातच. ना-नफा संस्थेने भाषणाला किंवा चर्चासत्राला बोलावलं तर प्रवासखर्चाला मर्यादा लागत नाही. म्हणून दर नोव्हेंबरात हवाई बेटांवर, माउईला, एका संस्थेची परिषद भरते, आमदार जातात, आणि त्याच हॉटेलात संस्थेला पैसे पुरवणाऱ्या कंपन्या-युनियनांची माणसं असतात. पीएसाहेबांनी वर्णन केलेला 'नुसता सोबत असणारा माणूस' तिथेही आहे, फक्त फुलाफुलांचा शर्ट घालून. फरक इतकाच की ते फॉर्ममध्ये येतं, म्हणून पत्रकार दरवर्षी नावानिशी बातमी करतात. २०१५ साली आणखी एक कायदा झाला, अशा सहली मुख्यतः भरवणाऱ्या संस्थांनी मोठे देणगीदार जाहीर करायचे. एएलईसी नावाची एक जुनी संघटना आहे, १९७३ पासूनची. तिथे कंपन्या आणि वेगवेगळ्या राज्यांचे आमदार एकत्र बसून विधेयकांचे नमुने तयार करतात, आणि आमदारांच्या येण्याजाण्याच्या खर्चाला 'शिष्यवृत्ती' म्हणतात.

तर वहीने सहली थांबत नाहीत. फक्त निवडणुकीत विरोधकाच्या पत्रकावर माउईचा फोटो छापून येतो. तेवढी भीती पुष्कळ असते.

---

उगाच_एक

शिष्यवृत्ती! आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असायची.

---

दिवाणी_फौजदारी

परदेशाचा विषय निघालाच आहे तर : आपल्याकडे एक वही आहे, पण अर्धी. परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. कलम ३ प्रमाणे आमदाराला परदेशी स्रोताकडून पैसा घ्यायला मनाई. कलम ६ प्रमाणे परदेशात असताना परकीय पाहुणचार, म्हणजे तिकीट, राहणं, जेवणखाण, उपचार, घ्यायचा तर केंद्रीय गृहखात्याची आधी परवानगी. अर्ज 'एफसी-२'. अचानक आजारी पडून उपचार घेतले तर तेवढी सूट, तेही महिन्याभरात कळवायचं.

आता भोक बघा. फ्रान्सच्या कंपनीने आमदाराला पॅरिसला नेलं तर परवानगी. रत्नागिरीच्या ठेकेदाराने त्याच आमदाराला त्याच पॅरिसला नेलं, तर कुणाला एक चिठ्ठीसुद्धा पाठवायची नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरचा बहुतेक मामला पॅरिसचा नाही, पणजीचा आहे.

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ३०० पौंडांवरची भेट, पाहुणचार, परदेशवारी २८ दिवसांत नोंदवतात. आपल्याकडे लॉबिंगची माहिती उघड करण्याचं विधेयक २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलं होतं. खासगी विधेयकाचं होतं तेच झालं.

---

प्रकाशराव_दापोली

सरकारी भेटींचं काय? बिहारमध्ये २०१६ ला शिक्षण खात्याने सगळ्या आमदारांना मायक्रोवेव्ह वाटले होते. शिक्षण खातं आणि मायक्रोवेव्ह!

---

वाशिष्ठीकाठचा_डॉक्टर

शाळेतली खिचडी गरम करायला असेल.

प्रकाशराव, तोही रकाना हवा, खरंच. अंदाजपत्रकावर मत देणाऱ्याला खात्यानेच भेट द्यायची म्हणजे गिऱ्हाइकाच्याच पैशाने गिऱ्हाइकाला खूश करणं.

---

पूर्वाश्रमीचा_पीए

व्यवहाराचं बोलू. मर्यादा न ठेवता वही सुरू केलीत तर पहिल्या महिन्यात ती शाली, श्रीफळं, फोटोफ्रेम आणि गणपतीच्या मूर्तींनी भरेल. कार्यालयात शालींना कपाट पुरत नसे. खरी नोंद त्या ढिगात बुडेल, आणि काहींना तेच हवं असेल. म्हणून प्रवास आणि राहणं सगळं लिहा, अगदी एका रात्रीचंसुद्धा. वस्तूला मर्यादा ठेवा, आयएएस अधिकाऱ्यांना परवानगीशिवाय घ्यायला पाच हजारांची आहे, तीच धरा.

---

रापणकर_बाबी

पाच हजार म्हटल्यार फेब्रुवारीतली पयली पेटी वहीत जातली आणि मे मदली सुटतली. बागायतदार मगे आमदाराक मे मदेच आंबे धाडतले, पावसान डागाळलेले.

---

कातळसडा

चालेल. कुणीतरी डागाळलेला हापूस खाल्ला तर लोकशाहीचं काही बिघडत नाही.

आता कामाचं. जुलै २०२५ मध्ये विधानभवनात कार्यकर्त्यांची मारामारी झाली, त्यानंतर अध्यक्षांनी संसदेच्या धर्तीवर नीतिमूल्य समितीची घोषणा केली होती. तेव्हा विषय वर्तनाचा होता, भेटींचा नव्हता. पण अशा समितीच्या कक्षेत हा विषय बसतो. राज्यसभेची नोंदवही तिथली समितीच बघते. तेव्हा दोन गोष्टी करू या.

पहिली, माहिती अधिकाराचा अर्ज, विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवतो, राज्याच्या नियमांत २०१२ पासून तेच बंधन आहे. मजकूर असा : 'सदस्यांनी खासगी व्यक्ती, संस्था अथवा कंपनीकडून स्वीकारलेल्या भेटवस्तू, प्रवास व निवासखर्च यांची नोंद ठेवणारी नोंदवही अस्तित्वात असल्यास तिची प्रत; नसल्यास तसे लेखी कळवावे.'

दुसरी, कोकणच्या आमदारांना पत्र. सिंधुदुर्गात तीन, रत्नागिरीत पाच, रायगडात सात, असे पंधरा. पत्रात दोनच ओळी : गेल्या वर्षभरात दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या प्रवासाची यादी आपण स्वतःहून प्रसिद्ध कराल का, आणि नोंदवहीसाठी अशासकीय (खासगी) विधेयक मांडाल का.

---

दिवाणी_फौजदारी

अर्जात 'का ठेवत नाही' असं विचारू नका. कारणं माहितीत धरत नाहीत, अर्ज तेवढ्यावर फेटाळतात. आत्ता लिहिलंय ते बरोबर आहे. 'नोंदवही नाही' एवढं लेखी आलं तरी तो कागद विधेयकाला जोडता येईल.

---

माजी_सरपंच_गुहागर

पत्रावर मतदारसंघातल्याच माणसाची सही असू दे. बाहेरच्याचं पत्र टेबलावर पडून राहतं, आपल्या मतदाराचं निदान फाईलला लागतं. गुहागरची माझी धरा.

---

नमू_वेंगुर्ला

सावंतवाडी मतदारसंघ माझा. वेंगुर्ल्यातून अजून चार सह्या देते.

---

म्हसळ्याची_सून

श्रीवर्धनची मी. पण पंधराच कसे? परिषदेतले राहिले ना : कोकण पदवीधर, कोकण शिक्षक, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतून गेलेले वेगळे. परिषदेच्या लोकांना तर कुणी कधी पत्रच लिहीत नाही.

---

कातळसडा

जोडले. पदवीधरसाठी सही करणारा त्या यादीतला मतदार हवा. इथे कुणी नाव नोंदवलंय का?

---

वाशिष्ठीकाठचा_डॉक्टर

माझं आहे. मसुदा निरोपातून पाठवा, सोमवारी स्पीड पोस्टाने टाकतो.